पांढरीवर काळी आणू या

(बेंबळी, जि. धाराशिव येथे वैशाख महिन्यात कुटुंबांसमोर झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



आपल्या पूर्वजांनी गावाच्या जमिनीचे दोन भाग मानले आणि त्यांना रंगांवरून नावे दिली. जिथे पीक येते ती काळी आणि जिथे वस्ती असते ती पांढरी. काळीने पोसायचे आणि पांढरीने निवारा द्यायचा, अशी ही वाटणी. परंतु या दोहोंच्या सीमेवर आणखी एक जागा असे, आणि तिला आपण परस म्हणत आलो. घराच्या मागच्या दाराबाहेर, न्हाणीच्या पाण्यावर अळू वाढे. कोपऱ्यात शेवगा उभा असे. मांडवावर दोडक्याचा वेल चढे. ही जागा होती पांढरीवर, पण काम करीत होती काळीचे.

आज आपल्यापैकी किती घरांना परस उरले आहे, याचा विचार प्रत्येकाने मनाशी करावा. अनेक ठिकाणी तिथे सिमेंटचा कोबा झाला, कुठे दुचाकी उभी राहते, कुठे मोडक्या सामानाचा ढीग आहे. शेतात सोयाबीन, तूर, हरभरा, ऊस आहे. हे सारे बाजारात जाते आणि त्याच बाजारातून शेतकऱ्याच्या घरी पिशवीतून भाजी येते. आठवडी बाजाराच्या दिवशी आणलेली मेथी दोन दिवस पुरते. पुढचे पाच दिवस बटाटा, डाळ आणि ठेचा. जमिनीचा मालक असलेल्या माणसाने कोथिंबिरीच्या जुडीसाठी घासाघीस करावी, यात काहीतरी चुकते आहे असे आपल्याला वाटले पाहिजे.

हा प्रश्न केवळ पैशांचा नाही. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये भारतीयांसाठी आहाराची जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत प्रौढ व्यक्तीच्या दिवसभराच्या आहारात ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात, असे सांगितले आहे. पाच माणसांच्या कुटुंबाला हे प्रमाण दिवसाला दोन किलो होते. आपल्या घरात रोज दोन किलो भाजी शिजते का? दुसरा आकडा याहून गंभीर आहे. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्ताल्पता आढळली. म्हणजे या सभेत बसलेल्या दोन भगिनींकडे पाहिले तर त्यांतील एकीला थकवा, धाप, चक्कर यांची सोबत असण्याचा संभव आहे, आणि आपण त्याला ‘कामाचा शीण’ म्हणून सोडून देत असतो.

यावर परसबाग हा रामबाण उपाय आहे, असे मी म्हणणार नाही. रक्ताल्पतेला अनेक कारणे असतात. तपासणी करून घ्यावी लागते, डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या नियमाने घ्याव्या लागतात. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद तुकड्यातून रोज दोन किलो भाजीही निघत नाही. त्या तुकड्याने कर्ज फिटत नाही आणि दुष्काळ टळत नाही. परंतु रोजच्या ताटात मूठभर हिरवा पाला पडावा, त्यावर अर्धे लिंबू पिळले जावे, एवढे तो निश्चित करू शकतो. लिंबाच्या आंबटपणामुळे पाल्यातील लोह शरीराला अधिक मिळते आणि जेवणावर लगेच घेतलेल्या चहामुळे ते कमी मिळते, हेही या निमित्ताने लक्षात ठेवावे.

आपल्या जिल्ह्याला हा विचार नवा नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, या दोन जिल्ह्यांतील गावेच्या गावे जमीनदोस्त झाली आणि सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या पुनर्वसनाच्या कामातून ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने या भागातील स्त्रियांना संघटित केले. पुढे दुष्काळाची वर्षे आली तेव्हा याच स्त्रियांनी आपल्या घरच्यांकडे एक साधी मागणी केली: सगळ्या शेतात नगदी पीक घ्या, पण अर्धा एकर किंवा एक एकर आमच्या हाती द्या. त्यात त्यांनी भाज्या, डाळी, तृणधान्ये घेतली आणि रासायनिक खतांऐवजी घरच्या सेंद्रिय खतावर भर दिला. घरचे ताट आधी भरायचे आणि उरलेले विकायचे, हा त्यांचा क्रम होता. या कामाची दखल घेऊन संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०१६ मध्ये संस्थेला ‘इक्वेटर’ पुरस्कार दिला. ज्यांच्याकडे एकर आहे त्यांनी हा मार्ग पाहावा. ज्यांच्याकडे केवळ परस आहे, त्यांच्यासाठी आजचे माझे निवेदन आहे.

सुरुवात जागेपासून करू. दिवसातून निदान पाच-सहा तास ऊन मिळेल अशी जागा निवडावी. मोठ्या कडुनिंबाच्या अगदी बुडाशी वाफा करू नये, कारण सावलीबरोबर त्याची मुळेही पाणी ओढतात. दहा फूट बाय दहा फुटांचा चौकोन दोरीने आखावा. गुंठा १०८९ चौरस फुटांचा असतो. आपला चौकोन गुंठ्याच्या दहाव्या हिश्श्याहूनही थोडा लहान आहे. त्यात चार-चार फूट रुंदीचे दोन वाफे आणि मध्ये दोन फुटांची वाट ठेवावी. चार फुटांच्या वाफ्यात दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोहोचतो, म्हणून खणलेल्या मातीवर पुन्हा पाय देण्याची वेळ येत नाही.

हे वाफे एक फूट खोल खणायचे आहेत. ऐंशी चौरस फूट जागा, एक फूट खोली, म्हणजे ऐंशी घनफूट माती. बांधकामाच्या भाषेत सांगायचे तर पाऊण ब्रासहून अधिक. वजनात ती दोन-तीन टन भरेल. म्हणून हे काम एका सकाळी उरकण्याचे नाही. रोज उन्हाच्या आधी तासभर, असे आठवडाभर खणावे. उत्साहाच्या भरात पहिल्या दिवशी कंबर धरली की दुसऱ्या दिवशी कुदळ भिंतीला टेकते आणि मग ती तिथेच राहते.

आपल्याकडील घराभोवतीची माती सरळ नसते. गावठाणातील पांढरी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वावराने दगडासारखी दबलेली असते. नव्या वस्तीत मुरमाचा भराव, विटांचे तुकडे, चुना आणि सिमेंट निघते. मळ्यातील घर असेल तर काळी माती मिळते, पण तिचा स्वभाव वेगळा आहे. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते. ओली असताना फावड्याला चिकटते आणि वाळली की पहारीलाही दाद देत नाही. या दोन टोकांच्या मध्ये काही दिवस असे येतात की माती हाताला ओलसर लागते, पण चिकटत नाही. शेतकरी त्याला वाफसा म्हणतो. खणण्याची वेळ तीच.

आजच्यासारख्या कोरड्या दिवसांत हा वाफसा आपल्याला आणावा लागतो. आखलेल्या जागेवर पाणी सोडून ती भिजवावी आणि तीन-चार दिवस थांबावे. मग मूठभर माती घेऊन तिचा गोळा करावा व कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. गोळा फुटून मोकळा झाला तर वाफसा आला. पडूनही तो तसाच राहिला तर आणखी थांबावे. ओली काळी माती खणली की तिची ढेकळे होतात आणि ती वाळून विटेसारखी घट्ट बनतात. पुढे वर्षभर ती फोडत बसावे लागते. आपल्याच जिल्ह्यातील तेरच्या गोरोबाकाकांनी थापटण्याने संतांची कच्ची-पक्की मडकी पारखली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. माती हाताळणाऱ्याला पारख आणि धीर दोन्ही लागतात.

खणताना वरची सहा इंच माती एका बाजूला आणि खालची दुसऱ्या बाजूला काढावी. जीवजंतू आणि कस वरच्या थरात असतो. खालची माती वर आणली तर बी उपाशी राहते. दगड, काच, प्लास्टिक, चुनखडीचे पांढरे खडे वेचून काढावेत. आपल्या भागातील अनेक जमिनी चुनखडीयुक्त आहेत आणि अशा मातीत लोह असूनही ते झाडाला घेता येत नाही. पाने पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. हरळी आणि लव्हाळा निघाला तर तो कुदळीने तोडू नये, मुळासकट हाताने वेचावा. तुटलेल्या प्रत्येक कांड्यातून नवे रोप उभे राहते.

खणून झाल्यावर आठ-दहा दिवस वैशाखाचे ऊन मातीला खाऊ द्यावे. या उन्हात किडींची अंडी, कोष आणि तणांची मुळे मरतात. त्यासाठी पैसा पडत नाही. त्यानंतर खालची माती खाली, वरची वर, अशी भरून दर चौरस फुटाला पाव ते अर्धा किलो शेणखत मिसळावे. म्हणजे दोन्ही वाफ्यांना मिळून वीस ते चाळीस किलो. खत पूर्ण कुजलेले, हाताला भुसभुशीत आणि वास नसलेले हवे. अर्धवट कुजलेल्या शेणाबरोबर हुमणी आणि वाळवी घरात येते. मातीविषयी शंका असेल तर तिचा नमुना तपासून घ्यावा. तुळजापूरला कृषी विज्ञान केंद्र आहे, तेथे सल्ला मिळतो. पावसाळ्यासाठी वाफे जमिनीपासून चार-सहा इंच उंच ठेवावेत, म्हणजे काळ्या मातीत पाणी साचून मुळे कुजणार नाहीत. मुरमाड जागेत उलट करावे. तिथे वाफा सपाट आणि कडेला बांध.

आता पाण्याचा विषय. ‘प्यायला पाणी नाही, बागेला कुठून आणू?’ हा प्रश्न मराठवाड्यात कोणी विचारला तर तो हसण्यावारी नेता येणार नाही. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे आपण पाहिले आहे. म्हणून हिशोब नीट करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. आपले दोन वाफे मिळून साधारण साडेसात चौरस मीटरचे. कडक उन्हात रोज सहा ते आठ मिलिमीटर पाणी लागते असे धरले तर दिवसाला ४५ ते ६० लिटर होतात. पाच माणसांनी प्रत्येकी पंधरा लिटरच्या एकाच बादलीत आंघोळ केली तरी ७५ लिटर पाणी मोरीतून वाहून जाते. म्हणजे वाफ्याला लागणारे पाणी घरात आहे. आपण ते गटारात सोडतो.

मात्र सगळे सांडपाणी सारखे नसते. आंघोळीचे, भाजी-तांदूळ धुतलेले पाणी वाफ्याला चालते. ते मुळाशी द्यावे, पाल्यावर ओतू नये. कपड्यांच्या पावडरचे पाणी वाफ्यात सोडू नये. त्यातील क्षारांनी काळी माती घट्ट होते आणि तिच्यातून पाण्याचा निचरा होत नाही. ते पाणी कर्दळीच्या ताटव्याकडे वळवावे. वाफ्यावर वाळलेला पाला, भुसा, सोयाबीनचे काड यांचे दोन-तीन इंच आच्छादन असेल तर पाण्याची गरज आणखी घटते. आणि पाऊस पूर्ण रुसला, टँकरची वाट पाहण्याची वेळ आली, तर वाफा मोकळा ठेवावा. त्यावर आच्छादन घालावे, शेवगा आणि कढीपत्ता तेवढा जगवावा. खणलेली, खत घातलेली माती एक वर्ष वाट पाहू शकते.

मृग नक्षत्र साधारण ७ जूनला लागते. तोपर्यंत जमीन तयार असेल, तर पहिल्या चांगल्या पावसानंतर पेरता येईल. सगळी पालेभाजी एकदम पेरणे टाळावे. एका वाफ्याचे अडीच-अडीच फुटांचे चार पट्टे करावेत आणि आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेक पट्टा पेरावा. तांदुळजा, राजगिरा, अंबाडी, पालक ही पावसाळ्यातील मंडळी. चौथा पट्टा पेरेपर्यंत पहिला काढणीला येतो आणि चक्र चालू राहते. दुसऱ्या वाफ्यात भेंडी, गवार, मिरची, वांगी, आणि कुंपणाच्या कडेने दोडका, कारले, वाल. पूर्वी अनेक घरांत अक्षय्य तृतीयेला वेलांची आळी करीत असत. दसऱ्यानंतर मेथी, शेपू, कोथिंबीर, मुळा यांची पाळी. जिथे वांगी होती तिथे पुढच्या हंगामात वाल किंवा चवळी घ्यावी. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरील गाठी जमिनीला नत्र देतात. किडीसाठी आषाढात पडलेल्या निंबोळ्या वाळवून ठेवाव्यात. लिटरभर पाण्याला ५० ग्रॅम निंबोळीची भरड रात्रभर भिजवून, गाळून फवारली तर घरच्या बागेला सहसा दुसरे औषध लागत नाही.

बियाणे गावातूनच मिळवण्याचा प्रयत्न करावा. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात कोंभाळणे नावाचे गाव आहे. तेथील राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बी जपले, बायकांना वाटले आणि बियाण्यांची बँक उभी केली. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कामाचा आरंभ घर-अंगणातूनच झाला. आपल्या घरांत नवरात्रात घट बसतो तेव्हा आपण शेतातील माती आणतो, त्यात धान्य पेरतो आणि दसऱ्यापर्यंत त्याचे कोंब पाहतो. तुळजाभवानीच्या या मुलखात असे घर विरळाच. जाणती माणसे या विधीकडे बियाण्याची उगवण पाहण्याची रीत म्हणूनही पाहतात. जे हात दरवर्षी देवघरात पेरतात, त्यांना परसात पेरणे अवघड नाही.

बंधूंनो, आता थोडे आपल्याशी बोलतो, कारण बहुतेक परसबागा एका ठिकाणी येऊन मोडतात. बाग सुरू होते ती सगळ्यांच्या उत्साहाने आणि दोन महिन्यांत ती घरातल्या बाईचे आणखी एक काम होऊन बसते. पाणी, धुणे, स्वयंपाक, जनावरे, शेतातील खुरपणी, आणि वर बाग. जिच्या अंगात रक्त कमी आहे, तिच्याच डोक्यावर आपण पाऊण ब्रास माती ठेवतो. असे होणार असेल तर बाग न केलेली बरी.

म्हणून कामाची वाटणी आधी व्हावी. खणणे हे घरातील पुरुषांचे आणि मोठ्या मुलांचे काम. ज्याने आंघोळ केली त्याने आपली बादलीभर पाण्याची वाट वाफ्याकडे करून द्यावी. आजी-आजोबांनी सावलीत बसून तण वेचावे, रोपांवर नजर ठेवावी. शाळकरी मुलांनी वही घालावी: कोणत्या तारखेला काय पेरले, कधी उगवले, किती निघाले. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शाळांमधील परसबागांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तिथे शिकलेले मुलांनी घरी करून पाहावे. काय पेरायचे, हे मात्र घरातील गृहिणीने ठरवावे. चूल ती सांभाळते, कोणाच्या ताटात काय कमी आहे हे तिलाच ठाऊक असते.

आणि ताटाचाच विषय निघाला आहे, तर तो पूर्ण करतो. आपल्या घरांत पुरुष आधी जेवतात, मग मुले, आणि सर्वांत शेवटी ती. कढईतील भाजी तिच्यापर्यंत येते तेव्हा बहुधा संपलेली असते. ती भाकरीबरोबर ठेचा खाते आणि कोणाच्या लक्षातही येत नाही. परसात कितीही पालक पिकला तरी ही पंगत बदलली नाही, तर तो पालक तिच्या पोटात जाणार नाही. त्यामुळे नवा वाफा खणणे हे निम्मे काम झाले. रात्रीचे जेवण एकत्र बसून, सगळ्यांची ताटे एकदम वाढून घेणे हे दुसरे निम्मे. पहिल्याला घाम लागतो. दुसऱ्याला मन बदलावे लागते आणि ते अधिक कठीण आहे, हे मी जाणतो.

ज्यांच्या घराला परस नाही, त्यांना यातून वगळू नये. आपल्या गल्लीत अशी कुटुंबे आहेत. एखाद्याची मोकळी जागा असेल तर दोन-तीन घरांनी मिळून वाफे करावेत. बी, रोपे, शेणखत एकमेकांना द्यावे. पहिल्या काढणीची एक जुडी शेजारी पोहोचवावी; ती देताना शेजारी कोण आहे, कोणत्या आळीचा आहे, हे पाहू नये. अरणच्या सावता महाराजांनी आपल्या मळ्यातील कामातच विठ्ठल पाहिला, अशी आपल्या वारकरी परंपरेची श्रद्धा आहे. भाजीचा वाफा हे कमी प्रतीचे काम नाही, हे आपल्याला सातशे वर्षांपूर्वीच सांगून झाले आहे.

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. आज घरी गेल्यावर मागच्या दाराबाहेर उभे राहावे, ऊन कुठे पडते ते पाहावे आणि दोरीने दहा फूट मोजावेत. उद्या त्या जागेवर आंघोळीचे पाणी सोडावे. तीन-चार दिवसांनी मातीचा गोळा करून पाहावा. तो फुटला, की कुदळ घ्यावी. आणि ती घरातील पुरुषाने घ्यावी.